अखेरच्या भागाचे ऋण : 'सरकार' मालिका आणि निर्वहणाचा प्रश्न

१

एखाद्या गाजलेल्या मालिकेतील अखेरची कृती निराशाजनक ठरली, की तिच्याविषयीची चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. 'पहिल्याची सर नाही' हे त्यांपैकी एक आणि 'हा भाग काढायलाच नको होता' हे दुसरे. पहिले वाक्य तुलनात्मक आहे. पण तुलनेचा निकष कोणता, हे ते सांगत नाही. दुसरे वाक्य निकाल देते, कारणे देत नाही. दोन्ही वाक्ये प्रेक्षकाच्या तोंडी क्षम्य आहेत. समीक्षेला मात्र त्यांच्यापाशी थांबता येणार नाही. निराशा ही आस्वादप्रक्रियेतील एक वस्तुस्थिती आहे. ती कशामुळे निर्माण होते आणि तिचे प्रकार किती, याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम ठरते.

प्रस्तुत लेखात हा शोध रामगोपाल वर्मा यांच्या 'सरकार' (२००५), 'सरकार राज' (२००८) आणि 'सरकार ३' (२०१७) या तीन हिंदी चित्रपटांच्या आधारे घ्यावयाचा आहे. ही मालिका निवडण्याचे कारण असे, की तिची भाषा हिंदी असली तरी तिचे विश्व मराठी आहे. नागरे हे कुटुंब, त्यांच्या घराबाहेर तिष्ठणारी माणसे, सत्तेचे कोणतेही पद न स्वीकारता सत्ता चालविणारा पुरुष आणि त्याच्याविषयी जनमानसात असलेली भीतियुक्त भक्ती हे सारे १९६६ नंतरच्या मुंबईच्या राजकारणातून आलेले आहे. सुभाष नागरे या व्यक्तिरेखेवर बाळासाहेब ठाकरे यांची छाया आहे, हे पहिल्या भागापासूनच सर्वांनी ओळखले होते. मराठी समाजाच्या एका राजकीय अनुभवाला गुन्हेपटाच्या रूपबंधात बसविण्याचा हा प्रयत्न होता. त्याचा शेवट कसा झाला, हा म्हणूनच केवळ तिकीटबारीचा विषय राहत नाही.

२

प्रथम 'मालिका' या संज्ञेचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा वाचक झुंजार किंवा काळापहाड यांना पुनःपुन्हा भेटतो. पण त्या नायकांचे वय वाढत नाही, आणि मागील पुस्तकातील घटनांचा भार पुढील पुस्तकावर पडत नाही. येथे प्रत्येक कृती स्वयंपूर्ण असते. अशा मालिकेतील एखादे पुस्तक फसले, तर ते एक पुस्तक फसले, एवढेच. दुसऱ्या प्रकारच्या मालिकेत मात्र काळ साचत जातो. माणसे म्हातारी होतात, मेलेली माणसे मेलेलीच राहतात आणि एका भागात घेतलेल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या भागात द्यावी लागते. मारिओ पुझो यांच्या १९६९ च्या कादंबरीवरून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी निर्माण केलेली 'द गॉडफादर' मालिका (१९७२, १९७४, १९९०) या दुसऱ्या प्रकारची आहे. 'सरकार'च्या आरंभीच वर्मांनी आपला चित्रपट तिला वाहिलेली आदरांजली असल्याचे जाहीर केले होते. तेव्हा साचणाऱ्या काळाचे बंधन त्यांनी स्वेच्छेने स्वीकारले होते, असे म्हणावे लागते.

अशा मालिकेतील अखेरच्या भागाचा विचार करताना भरताच्या संधिविचाराची आठवण होते. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींपैकी निर्वहणाचे कार्य आधीच्या संधींमध्ये विखुरलेले अर्थ एकत्र आणण्याचे आहे. निर्वहणात नवे बीज पेरले जात नाही. पेरलेल्या बीजाचे काय झाले, ते दाखविले जाते. फ्रँक करमोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) या ग्रंथात निराळ्या परंपरेतून जवळपास याच प्रश्नाला हात घातला आहे. शेवटाच्या अपेक्षेमुळेच मधल्या काळाला अर्थ प्राप्त होतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. या दोन्ही विचारांतून एक व्यवहार्य निकष हाती येतो. आधीच्या भागांनी जे प्रश्न उभे करून उधार ठेवले, त्यांच्याशी अखेरचा भाग कसा वागतो, हे पाहावे. उधारी फेडणे म्हणजे गोड शेवट करणे नव्हे, आणि प्रत्येक धागा गाठ मारून संपविणेही नव्हे. प्रश्नाला सामोरे जाणे, एवढीच येथे अपेक्षा आहे.

३

'सरकार' मालिकेने पहिल्या दोन भागांत असे तीन प्रश्न उधार ठेवले होते.

पहिला प्रश्न रक्ताचा. पहिल्या भागात अन्यायाने पोळलेला एक बाप नागऱ्यांच्या दारी येतो आणि न्यायालयात न मिळालेला न्याय त्याला तेथे मिळतो. प्रेक्षकाला या समांतर न्यायाचे आकर्षण वाटावे, अशीच ही रचना आहे. परंतु चित्रपट तेवढ्यावर थांबत नाही. थोरला मुलगा विष्णू याच्याकडून खून घडतो, वडील त्याला घराबाहेर काढतात आणि पुढे तो वडिलांच्याच जिवावर उठतो. अखेरीस धाकटा शंकर आपल्या सख्ख्या भावाला ठार करतो. बाहेरच्यांना न्याय वाटणाऱ्या घराला आपल्या आतील अन्यायाचा निवाडा बंदुकीने करावा लागतो, हे पहिल्या भागाचे खरे आशयसूत्र होय. के. के. मेनन यांनी विष्णूचा आंधळा संताप आणि त्यामागची उपेक्षा ज्या रीतीने उभी केली, तिच्यामुळे हा खून 'दुष्टाचा नाश' या सदरात बसत नाही. शेवटी लोक गाऱ्हाणी घेऊन शंकरपुढे येतात, तेव्हा त्याच्या हातावरचे रक्त प्रेक्षकाने पाहिलेले असते.

दुसरा प्रश्न विस्थापितांचा. 'सरकार राज'मध्ये परदेशस्थ कंपनीची प्रमुख अनिता राजन ग्रामीण महाराष्ट्रात वीजप्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव घेऊन येते. हजारो माणसे उठवावी लागतील म्हणून सुभाष नागरे विरोध करतात. शंकर त्यांना भविष्याचा हिशेब दाखवून वळवतो. मराठी प्रेक्षकाला येथे दाभोळ प्रकल्प आठवल्यावाचून राहत नाही. १९९५ मध्ये युती शासनाने एन्रॉनशी झालेला करार रद्द केला, त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या प्रतिनिधी रिबेका मार्क यांनी बाळासाहेबांची भेट घेतली, १९९६ मध्ये सुधारित करार झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, हा इतिहास चित्रपटाच्या पार्श्वभूमीला आहे. चित्रपटाने तो प्रश्न पूर्णपणे पेलला असे नाही. ठाकरवाडीतील आंदोलन हे वारसाहक्काच्या कारस्थानाचे साधन होते, असे शेवटी उघड होते, आणि उठविल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न बाजूला पडतो. तरीही तो मांडला गेला होता.

तिसरा प्रश्न वारशाचा. 'सरकार राज'मधील कारस्थानाचे मूळ रावसाहेब या वयोवृद्ध, आदरणीय पुरुषात असते. दिलीप प्रभावळकरांनी ही भूमिका अत्यंत संयमाने केली आहे. आपला नातू संजय सोमजी याला सत्तेच्या आसनावर बसविण्यासाठी रावसाहेब फसवणुकीचा मार्ग पत्करतात आणि त्यात शंकरचा बळी जातो. पुत्र गमावलेले सुभाष नागरे हे सारे उलगडून सांगतात, तेव्हा त्या उलगड्यात विजयाचा लवलेश नसतो. शेवटी अनिता राजन, म्हणजे या घराशी रक्ताचे नाते नसलेली, बाहेरून आलेली एक स्त्री, त्या सत्तेच्या जागी येऊन बसते. नागपूरहून चिकूला बोलावण्याचा उल्लेखही येथेच येतो. हा चिकू म्हणजे मारल्या गेलेल्या विष्णूचा मुलगा. रक्ताचा वारस आणि कर्तृत्वाचा वारस असे दोन पर्याय मांडून दुसरा भाग संपतो. मालिकेच्या रचनेतील हा सर्वांत आश्वासक क्षण होता.

४

'सरकार ३' १२ मे २०१७ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्याविषयी जे आक्षेप घेतले गेले, ते बहुतांशी शैलीविषयीचे होते. कॅमेरा कपबशांच्या, खुर्च्यांच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या आडून डोकावतो, पार्श्वसंगीत संवादांवर कुरघोडी करते, पात्रे बोलण्याऐवजी सुभाषिते उच्चारतात. हे आक्षेप खरे आहेत. मात्र त्यांनी निराशेचा पुरेसा उलगडा होत नाही. कारण ही शैली पहिल्या भागातही होती. तपकिरी अंधार, चेहऱ्याच्या अगदी निकट गेलेला कॅमेरा, 'गोविंदा गोविंदा'चा घोष हे सारे तेथेही होते, आणि तेथे ते खटकले नाही. तेथे कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळे, तेव्हा त्या चेहऱ्यामागे एक निर्णय घडत असे. तिसऱ्या भागात चेहऱ्यामागे काही घडत नाही, म्हणून कॅमेऱ्याचे अस्तित्व जाणवू लागते. शैलीतील हा बिघाड आशयातील रिकामपणाचा परिणाम आहे. आता वरील तीन प्रश्नांचे काय होते, ते पाहू.

शिवाजी ऊर्फ चिकू नागरे आजोबांच्या घरी परत येतो. त्याच्या बापाला त्याच्या काकाने मारले आहे, आणि ज्या घरात तो पाऊल टाकतो आहे ते घर त्या खुनानंतर उभे राहिले आहे. ग्रीक शोकात्मिकेपासून 'हॅम्लेट'पर्यंतचे नाट्य ज्या बीजावर उभे आहे, ते बीज येथे दिग्दर्शकाच्या हाती आयते आले होते. हा मुलगा आजोबांकडे कोणत्या नजरेने पाहील? आजोबा त्याला काय सांगतील? चित्रपटात विष्णूचा वारसा उल्लेखापुरता येतो. नाट्याचे केंद्र तो होत नाही. त्याऐवजी नातू आणि विश्वासू गोकुळ साटम यांच्यातील चुरस मध्यभागी येते. सूडाची प्रेरणा अनू करकरे या पात्राकडे सोपविली जाते. तिच्या वडिलांच्या मृत्यूला सरकार जबाबदार असतात. परंतु त्या वडिलांना प्रेक्षकाने आधीच्या भागांत कधी पाहिलेले नाही. घरात साचलेले रक्त सोडून बाहेरून नवे रक्त आणावे लागावे, हा निर्वहणाचा उघड भंग आहे.

विस्थापितांचा प्रश्न धारावीच्या जमिनीच्या रूपाने येतो. दुबईत बसलेला मायकेल वाल्या त्या जमिनीवर डोळा ठेवून आहे आणि सरकार गरिबांच्या बाजूने उभे आहेत. धारावीच्या पुनर्विकासाचा आराखडा २००४ पासून शासनदरबारी होता, तेव्हा विषय काल्पनिक नव्हता. पण चित्रपटात धारावी हे केवळ एक नाव आहे. तेथील माणूस, त्याचा व्यवसाय, त्याचे घर यांपैकी काही पडद्यावर अर्थपूर्ण रीतीने येत नाही. शिवाय 'सरकार राज'मध्ये प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिलेले सरकार आता विरोधात का आहेत, मुलाच्या मृत्यूने त्यांना काही शिकविले आहे काय, हेही कोणी विचारत नाही.

आणि वारसा? अनिता राजन तिसऱ्या भागात नाही. दुसऱ्या भागाचा शेवट जिच्यावर झाला होता, तिची अनुपस्थिती कथेच्या अंगाने कोठेही जाणवू दिली जात नाही. नटांच्या उपलब्धतेसारखी बाह्य कारणे अशा वेळी असू शकतात आणि समीक्षेने ती नाकारू नयेत. परंतु अनुपस्थितीलाही कथेत अर्थ देता येतो. येथे ती स्त्री जणू कधी नव्हतीच. उरतो तो रक्ताचा वारस. आजोबा आणि नातू यांच्यात उभा राहिलेला दुरावा हा शत्रूंना उघडे पाडण्यासाठी रचलेला बनाव होता, असा उलगडा शेवटी होतो आणि नातू वारस ठरतो.

या उलगड्यातच चित्रपटाच्या अपयशाचे मर्म आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटीही सरकार सर्व काही उलगडून सांगतात. पण तेथे ज्ञान उशिरा येते आणि त्या उशिराची किंमत मुलाच्या प्राणांनी मोजलेली असते. ॲरिस्टॉटलने अभिज्ञानाला शोकात्मिकेत जे स्थान दिले आहे, ते अशा ज्ञानाला. तिसऱ्या भागात ज्ञान आधीपासूनच असते. सरकार सर्व जाणून होते; अज्ञानात होता तो प्रेक्षक. त्यामुळे नातवाच्या मनातील संभाव्य द्वेष, आजोबांचे संभाव्य अपराधीपण, या सर्वांना 'ते नाटक होते' या एका वाक्याने पुसून टाकता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते, तो प्रश्न कधी नव्हताच, असे दिग्दर्शक सांगतो.

येथे आणखी एक विसंगती दिसते. फसवणुकीचा मार्ग पत्करून नातवाला आसनावर बसविणे, याच कृत्यासाठी 'सरकार राज'ने रावसाहेबांना दोषी ठरविले होते. 'सरकार ३'मध्ये जवळजवळ तीच गोष्ट सुभाष नागरे करतात आणि चित्रपट तिचे कौतुक करतो. दोन्ही आजोबांमधील हे साम्य ओळखून ते प्रेक्षकापुढे ठेवले असते, तर हा भाग मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारा झाला असता. ते साम्य दिग्दर्शकाच्या लक्षातच आलेले दिसत नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजात गणपतीची आरती आहे, रोहिणी हट्टंगडी, भारत दाभोळकर आदी मराठी रंगभूमीवरील ओळखीची माणसे आहेत. पण मराठीपण आता सजावटीपुरते उरले आहे. ज्या राजकीय अनुभवातून ही मालिका जन्मली, त्या अनुभवात २००६ मध्ये वारशावरून फूट पडली होती आणि २०१२ मध्ये त्याचा केंद्रपुरुष काळाच्या पडद्याआड गेला होता. त्याच्या पश्चात काय उरते, हा प्रश्न २०१७ मध्ये महाराष्ट्रापुढे प्रत्यक्ष होता. चित्रपट त्याच्याकडे पाठ फिरवतो.

५

विस्थापितांच्या प्रश्नावर थोडे अधिक थांबणे आवश्यक वाटते. कारण तो प्रश्न चित्रपटातील 'स्थळ' या संकल्पनेशी निगडित आहे. पनवेल तालुक्यातील आपटा हे पनवेल–रोहा मार्गावरील लहानसे स्थानक. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) या चित्रपटाचा सर्वपरिचित शेवट येथे चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातील स्थानक आहे. यात गैर काही नाही. त्या प्रेमकथेला एक फलाट, एक सुटणारी गाडी आणि मोकळे आकाश हवे होते. ते आपट्याने दिले आणि आपले नाव मागितले नाही. काही रूपबंधांना स्थळ हे असे उसने चालते.

गुन्हेपटाला, त्यातही राजकीय गुन्हेपटाला, ते चालत नाही. त्याचा आशयच कोणाच्या जमिनीवर कोणाची सत्ता चालते, हा असतो. याच पनवेल–उरण पट्ट्यात १९७० नंतर नव्या शहरासाठी जमिनी संपादित झाल्या. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ज्याचे उद्घाटन झाले, त्या विमानतळासाठी दहा गावे उठली. 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द येथे शिधापत्रिकेइतका रोजच्या व्यवहारातला आहे. अशा प्रदेशातील प्रेक्षक 'सरकार राज'मधील ठाकरवाडीकडे पाहतो, तेव्हा कारस्थानाच्या उलगड्याने त्याचे समाधान होत नाही. गाव उठले की राहिले, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. नऊ वर्षांनी आलेला भाग त्याला याचे उत्तर देत नाही आणि धारावीलाही केवळ नावापुरते वापरतो. तेव्हा त्याची निराशा ही रंजन कमी पडल्याची निराशा नसते. आपला प्रश्न कथेच्या सोयीसाठी घेतला आणि सोयीने टाकला, ही ती भावना असते.

६

निराशेचे प्रकार वेगळे करण्यासाठी दोन उदाहरणे उपयुक्त ठरतील. 'द गॉडफादर'चा तिसरा भाग (१९९०) हाही निराशाजनक मानला जातो. त्यातील दोष उघड आहेत: व्हॅटिकनमधील आर्थिक व्यवहारांचे गुंतागुंतीचे कथानक, टॉम हेगनच्या भूमिकेतील रॉबर्ट डुवाल यांची अनुपस्थिती आणि मुलीच्या मध्यवर्ती भूमिकेतील अननुभवी अभिनय. पण तो चित्रपट मूळ प्रश्नापासून पळत नाही. दुसऱ्या भागात मायकेलने आपल्या भावाला, फ्रेडोला, मारविले होते. तिसऱ्या भागात तो एका कार्डिनलपुढे त्याची कबुली देताना कोसळतो, आणि अखेर पालेर्मोच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर त्याची मुलगी त्याच्यासाठी असलेल्या गोळीने मरते. भावाच्या रक्ताचा हिशेब मुलीच्या रक्ताने पुरा होतो. हे निर्वहण सदोष आहे, पण ते निर्वहण आहे. म्हणूनच कपोला यांना २०२० मध्ये त्याचे पुनर्संकलन करून तो नव्या नावाने सादर करता आला. दोष मांडणीत असेल, तर मांडणी बदलता येते. 'सरकार ३'चे असे पुनर्संकलन संभवत नाही; कारण ज्या प्रसंगांची उणीव आहे, ते लिहिलेलेच नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या रंगभूमीचे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाट्यत्रयीत अखेरचे नाटक पहिल्याइतके घटनाप्रधान नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये तिन्ही नाटके सलग सादर केली, तेव्हाही 'युगान्त'मधील दीर्घ संवादांविषयी मतभेद झाले. पराग आणि अभय हे चुलतभाऊ उजाड झालेल्या धरणगावात बोलत राहतात. फारसे काही घडत नाही. पहिल्या नाटकाच्या चाहत्याला हे उणे वाटू शकते. परंतु देशपांड्यांच्या वाड्याचे काय झाले आणि त्या वाड्याच्या पापपुण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आले, हा प्रश्न तेथे क्षणभरही सुटत नाही. त्यामुळे 'युगान्त' पाहिल्यानंतर 'वाडा चिरेबंदी' अधिक खोल वाटू लागते.

७

येथे दोन आक्षेप संभवतात. लोकप्रिय चित्रपटाला भरत आणि ॲरिस्टॉटल यांचे निकष लावणे अन्यायाचे आहे, हा पहिला. परंतु हे निकष बाहेरून आणलेले नाहीत. भावाचा खून, वारसाचा प्रश्न आणि उठविली जाणारी गावे हे विषय मालिकेनेच निवडले. समीक्षेने त्यांना फक्त नावे दिली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिसरा भाग फसला म्हणून पहिल्या भागाचे मूल्य कमी होत नाही, तेव्हा त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा, असे कोणी म्हणेल. पहिला चित्रपट जसा होता तसाच आहे, हे खरे. पण त्याचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात घडत असतो. 'सरकार ३' पाहून परत 'सरकार'कडे वळणाऱ्याला एक शंका छळू लागते. सुभाष नागऱ्यांविषयीची जी द्विधा आपण तेथे अनुभवली, ती कृतीत होती, की आपणच ती तिच्यात पाहिली? सर्वज्ञ आणि निर्दोष सरकार हेच दिग्दर्शकाला प्रथमपासून अभिप्रेत होते काय?

प्रस्तुत लेखकाच्या मते या शंकेला पहिल्या भागातच उत्तर आहे, आणि ते विष्णूच्या मृत्यूत आहे. व्यक्तिपूजेसाठी रचलेल्या कथेला त्या मृत्यूची गरज नव्हती. निदान २००५ मध्ये तरी या मालिकेला समांतर न्यायाची किंमत ठाऊक होती. २०१७ मध्ये ती किंमत कोणाकडूनच वसूल झाली नाही. 'पहिल्याची सर नाही' या वाक्याने प्रेक्षक जी खंत व्यक्त करतो, तिच्या मुळाशी हा अपुरा राहिलेला हिशेब असतो. तो नेमका कोठे अपुरा राहिला, हे दाखविणे मालिकेच्या चांगल्या भागांशी इमान राखण्यासाठीही आवश्यक ठरते.